साडेसात-पंधराच्या स्पूल मशीनवर पावणेचारच्या टेपा कशा वाजवायच्या

इंदूरला जुन्या मराठी घरांतल्या माळ्यांवर अजूनही स्पूल टेपा निघतात. रामबागेत, नारायण बागेत, कुणाच्या आजोबांनी गणेशोत्सवातलं गाणं घेतलेलं असतं, कुणाकडे घरच्या मैफली, कुठे नुसतं बारशाचं हसणं-बोलणं. टेपा असतात पण ज्यावर त्या भरल्या ते मशीन कधीच भंगारात गेलेलं असतं, मग घरातलं कुणीतरी हौशी माणूस स्टुडिओतून निघालेलं एखादं मोठं मशीन विकत घेतं, रेव्हॉक्स म्हणा, ओटारी म्हणा, टेप चढवतं आणि ऐकतं तर काय, बुवा चिमणीच्या आवाजात गातायत आणि अर्ध्या तासाचा राग पंधरा मिनिटांत खलास. मशीन बिघडलेलं नाहीये. ते सेकंदाला साडेसात आणि पंधरा इंच टेप ओढतं, टेप पावणेचार इंचांच्या वेगाने भरलेली आहे, बस एवढंच.

घरी टेप महाग पडायची म्हणून लोक हळू वेगाने भरायचे. साधं ७ इंची स्पूल म्हणजे १२०० फूट, ते साडेसात इंच प्रति सेकंदाने (१९.०५ सेंमी) ३२ मिनिटं चालतं आणि पावणेचारने (९.५ सेंमी) ६४ मिनिटं. त्याखाली अजून एक वेग आहे, एक पूर्णांक सात अष्टमांश म्हणजे ४.७६ सेंमी, तो भाषणं-बिषणं भरायला वापरायचे. स्टुडिओवाल्यांना वरचे वेग हवे असतात कारण त्यात टिपेचा आवाज स्वच्छ येतो आणि टेप कापून जोडायला सोपी जाते.

नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो तो मोटर अर्धी कशी फिरवायची. माझं म्हणणं आहे की मोटर सगळ्यात शेवटी. वेग हा चारातला एक भाग, बाकी तीन म्हणजे ट्रॅक, इक्वलायझेशन (टेप वाजवताना खर्ज आणि टिपेचा तोल बरोबर करणारं सर्किट) आणि टेपवरचा ताण, आणि हे तीन जमले नाहीत तर वेग बरोबर करूनही आवाज दबका, उलटा नाहीतर दोन गाणी मिसळलेला येणार.

पायरी १ : मशीन सुरू करायच्या आधी टेप बघा

डबा उघडल्यावर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर टेप ॲसिटेटची आहे आणि खराब व्हायला लागलीय. स्पूल दिव्यासमोर धरून बाजूने बघा, उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, अपारदर्शक दिसली तर बहुतेक पॉलिएस्टर. ॲसिटेट ठिसूळ असते, झटक्याने तुटते, पण तुटते ती सरळ तुटते आणि जोडता येते. पॉलिएस्टर तुटत नाही, ताणली जाते, आणि ताणलेला तुकडा पुन्हा कधी सरळ होत नाही, म्हणजे ताणाच्या बाबतीत तीच जास्त धोक्याची.

जाडी पण बघा. साधी टेप ५० मायक्रॉन, लाँग प्ले ३५, डबल प्ले २५ आणि ट्रिपल प्ले १८. डब्यावर लिहिलेलं असतं. डबल आणि ट्रिपल प्ले स्टुडिओच्या मशीनवर चढवताना ताण कमी करायलाच लागतो, बऱ्याच मशीनवर छोट्या-मोठ्या स्पूलचं बटण असतं ते छोट्यावर टाका आणि दोन्ही बाजूंना सारख्याच मापाची स्पूलं लावा, एकीकडे ५ इंची आणि दुसरीकडे साडेदहा इंची असं करू नका.

जुने जोड साध्या सेलोटेपने केलेले असतील तर त्याचा गोंद शेजारच्या वेढ्यांना चिकटलेला असतो, तो जोड काढून स्प्लायसिंग टेपने नवा करा. टेप चालताना किंचाळली आणि हेडवर तपकिरी चिकट थर साचायला लागला तर लगेच थांबवा. १९७० च्या दशकापासूनच्या काही स्टुडिओ टेपांचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय थर धरून ठेवणारा गोंद, ओल शोषून चिकट होतो, त्यांना ५४ अंशांच्या आसपास काही तास शेकतात, पण ते काम माहीतगार माणसाकडून करून घ्या आणि ॲसिटेट टेप तर कधीच शेकू नका. घरगुती टेपांत हा त्रास कमीच दिसतो.

पायरी २ : ट्रॅक किती आहेत ते ओळखा

इथे खूप लोक अडकतात म्हणून जरा सावकाश सांगते. सव्वासहा मिलिमीटरच्या टेपवर चार प्रकारे भरलेलं असू शकतं. अख्ख्या रुंदीवर एकच मोनो. दोन भाग, एका बाजूने मोनो आणि स्पूल उलटवून दुसऱ्या बाजूने मोनो. दोन भाग पण एकाच दिशेने स्टिरिओ, हे स्टुडिओचं. आणि चार भाग, त्यात १ आणि ३ एका दिशेने, २ आणि ४ उलट दिशेने.

तुमच्या स्टुडिओ मशीनचं हेड बहुतेक दोन ट्रॅकचं स्टिरिओ असणार. त्यावर अख्ख्या रुंदीची मोनो टेप छान वाजते. दोन बाजूंची मोनो टेप लावली तर डावीकडे पहिली बाजू सरळ येते आणि उजवीकडे दुसरी बाजू उलटी, जिथे संपते तिथून सुरुवातीकडे. घाबरू नका, हा फायदाच आहे, एकाच फेरीत दोन्ही बाजू कंप्युटरवर घ्या आणि नंतर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उजवा चॅनल रिव्हर्स करा, निम्मा वेळ वाचला आणि टेप हेडवरून एकदाच गेली.

चार ट्रॅकची टेप मात्र दोन ट्रॅकच्या हेडवर वाजवायचीच नाही, कारण डावं हेड १ आणि २ दोन्ही एकदम वाचतं आणि सरळ गाण्यात उलटं गाणं मिसळतं, ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने वेगळं होत नाही. ओटारीच्या ५०५० मालिकेतल्या दोन ट्रॅकच्या काही मशीनांवर चार ट्रॅक वाचायचं जादा हेड आणि त्याचं बटण असतं, आधी ते शोधा. नसेल तर चार ट्रॅकचं घरगुती मशीन उसनं मिळवणं हेड बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आपली टेप कुठल्या प्रकारची हे कसं कळणार? लावून ऐका. डावीकडे नीट गाणं आणि उजवीकडे उलटं, म्हणजे दोन बाजूंची मोनो. दोन्हीकडे सरळ-उलट खिचडी, म्हणजे चार ट्रॅक.

पायरी ३ : काही न उघडता, दुप्पट वेगाने घ्या आणि कंप्युटरवर हळू करा

पाच-दहा टेपा असतील तर इथेच थांबा, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पावणेचारची टेप साडेसातवर वाजवा. साउंड कार्डला ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूत रेट असतो, तो ९६००० वरून ४८००० करा, झालं, आवाज बरोबर निम्म्या वेगाने आणि खऱ्या पट्टीत येतो. इथे कुठलाही चेंज टेम्पो किंवा चेंज स्पीड इफेक्ट लावायची गरज नाही कारण आकडे तेच राहतात, फक्त ते वाचायचा वेग बदलतो.

९६ का म्हणाल, तर टेपवरचे १० किलोहर्ट्झ दुप्पट वेगाने २० किलोहर्ट्झ होतात, ४४.१ वर ते अगदी काठावर येतात. आणि म्हणूनच चौपट वेगाचा शहाणपणा करू नका, म्हणजे पावणेचारची टेप पंधरावर, तिथे तेच १० चे ४० होतात आणि मशीनचा ॲम्प्लिफायर तिथपर्यंत सरळ जाईलच असं नाही.

आता इक्वलायझेशनचं काय? गंमत अशी की ते जवळपास आपोआप जुळतं. साडेसातला अमेरिकन एनएबी पद्धतीत ५० मायक्रोसेकंदांचं इक्वलायझेशन असतं, निम्म्या वेगाने वाचल्यावर ते १०० सारखं वागतं आणि पावणेचारला हवं असतं ९०. फरक पडतो वरच्या पट्टीत ०.९ डेसिबल जास्त, तो कानाला लागत नाही. खाली ५० हर्ट्झच्या आसपास साधारण २ डेसिबल खर्ज जास्त येतो, तबल्याच्या डग्ग्यात कळलाच तर कळतो. पण मशीन युरोपियन आयईसी पद्धतीचं असेल तर साडेसातला ७० मायक्रोसेकंद असतात, ते १४० होतात आणि टीप जवळजवळ ४ डेसिबल जास्त येते, तेवढी ऑडॅसिटीत कमी करायला लागते. मशीनवर एनएबी-आयईसी बटण असेल तर एनएबीवर ठेवा.

या पद्धतीचा एकच तोटा, घेताना ऐकता येत नाही. आणि तो तोटा आपल्याकडे छोटा नाही. घरात एखादी आजी किंवा काका असतात ज्यांनी ती मैफल समोर बसून ऐकलेली असते, गाणारा कोण, पेटीवर कोण, हे फक्त त्यांनाच सांगता येतं, आणि त्यांना चिमणीच्या आवाजातलं गाणं ऐकवून काय विचारणार? नंतर फाइल ऐकवता येते, मान्य, पण टेप चालू असताना मध्येच थांबवून पुन्हा लावून विचारायची मजा वेगळी. टेपांचा ट्रंक भरलेला असेल किंवा असं बसून ऐकायचं असेल तरच पुढे या.

पायरी ४ : खरा वेग मिळवणं

आधी मॅन्युअल आणि मशीनचा तळ-पाठ नीट बघा, हे सांगायला लागतं कारण लोक बघत नाहीत. ओटारीच्या काही मशीनांत वेगाच्या जोड्या असतात, एका आतल्या बटणाने साडेसात-पंधराची जोडी बदलून पावणेचार-साडेसात होते. स्टुडरच्या ए ८१० ला तर पावणेचारपासून तीसपर्यंत चार वेग आहेत. रेव्हॉक्स बी ७७ साध्या रूपात पावणेचार आणि साडेसातचंच आहे, फक्त त्याचं हाय स्पीड रूप साडेसात-पंधराचं, तेव्हा विकत घ्यायच्या आधीच विचारा कुठलं आहे.

बटण नसेल तर मोटर कशी आहे त्यावर सगळं अवलंबून.

जुन्या मशीनांत सिंक्रोनस मोटर असते, ती विजेच्या ५० हर्ट्झला बांधलेली. ती निम्म्यावर आणायची तर तिला २५ हर्ट्झ द्यायला लागतात, म्हणजे साइन जनरेटर, पॉवर ॲम्प्लिफायर आणि ट्रान्सफॉर्मर, व्होल्टेजही निम्मं करायचं, २३० च्या जागी साधारण ११५, नाहीतर मोटर तापून जळते, फेजचा कंडेन्सर वाढवायचा, आणि हे सगळं फक्त कॅपस्टनच्या, म्हणजे टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्याच्या मोटरला, स्पूलच्या मोटरींना नाही. कारखान्यातला व्हीएफडी (मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी बदलणारा डबा) जोडून बघू म्हणणारे भेटतात, त्याची खरखर हेडच्या ॲम्प्लिफायरमध्ये शिरते. नवख्याने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी आयडिया लोकांना सुचते ती कॅपस्टन बारीक करायची. काही मशीनांत कॅपस्टनवर बाहेरून नळी म्हणजे स्लीव्ह चढवलेली असते, ती काढली की वेग कमी होतो. ती कंपनीचीच असेल तर जरूर काढून बघा. पण सांवेर रोडला लेथवर नवा दांडा फिरवून घ्यायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. ४.८५ मिमी व्यासाच्या कॅपस्टनचं केंद्र ०.०१ मिमी जरी सरकलं तरी वेग प्रत्येक फेऱ्यात साधारण ०.४ टक्के वरखाली होतो, आणि चांगल्या मशीनकडून ०.१ च्या आतली अपेक्षा असते. नेहमीच्या लेथकामात एक-दोन शतांश मिमी कुणी मोजत पण नाही. तानपुऱ्याचा सूर थरथरला की मग कळतं.

सर्वो मोटरवालं मशीन असेल तर मात्र काम होण्यासारखं आहे. त्यात मोटरच्या मागे टॅको असतो, तो फिरण्याचा वेग पल्सच्या रूपात सांगतो, आणि सर्किट त्या पल्स एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीशी जुळवत राहतं. निम्मा वेग हवा तर दोन मार्ग. एक म्हणजे ठरलेली फ्रिक्वेन्सी निम्मी करायची, सीडी ४०१३ या आयसीतला एक फ्लिपफ्लॉप मध्ये घालून. दुसरा म्हणजे टॅकोच्या पल्स दुप्पट करायच्या, सीडी ४०७० च्या एका गेटला एका पायावर सरळ आणि दुसऱ्यावर रेझिस्टर-कंडेन्सरने जरा उशिरा तोच सिग्नल द्यायचा, म्हणजे चढत्या-उतरत्या दोन्ही कडांवर पल्स मिळते, सर्वोला वाटतं मोटर दुप्पट पळतेय आणि तो तिला निम्म्यावर आणतो. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो कारण तुलना आधीच्याच फ्रिक्वेन्सीवर होते आणि पुढचा फिल्टर बदलायला लागत नाही, पहिल्यात फिल्टरमधून लहर झिरपते आणि आवाजात फडफड येते. फक्त दुप्पट करण्याआधी टॅकोचा सिग्नल चौकोनी आणि बरोबर अर्धा-अर्धा हवा, नाहीतर एक पल्स लवकर एक उशिरा असं होतं. टॅको चुंबकीय असेल तर निम्म्या वेगाला त्याचा सिग्नलही निम्मा होतो, स्कोपवर बघून घ्या. हे आयसी महागडे नाहीत, जेल रोडला नाही मिळाले तर ऑनलाइन मागवा.

जोडणी छोट्या रिलेवर करा म्हणजे बटण काढलं की मशीन पुन्हा मूळ रूपात. आणि बरीच वर्षं बंद असलेलं मशीन पहिल्यांदा लावताना सरळ प्लगमध्ये घालू नका, सिरीज बोर्डवर १०० वॅटचा पिवळा बल्ब लावून द्या. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, जुने कंडेन्सर बघा. झाकण उघडं असताना प्लग काढला तरी मोठे कंडेन्सर भरलेले असतात, ते रेझिस्टरने उतरवूनच हात घाला.

पायरी ५ : इक्वलायझेशन

खऱ्या वेगाने वाजवलं आणि मशीन अजून साडेसातच्या ५० मायक्रोसेकंदांवरच असलं तर आवाज दबका येतो, गादीखालून आल्यासारखा. सोल्डरिंग करायचं नसेल तर कंप्युटरवर भरपाई करा, ऑडॅसिटीत फिल्टर कर्व्हमध्ये १ किलोहर्ट्झला ०.८ डेसिबल वाढवा, २ ला २.१, ५ ला ४.१ आणि १० ला ४.८. पुढे सपाट ठेवा. मी बहुतेक वेळा हेच करते.

मशीनमध्येच करायचं तर प्लेबॅक कार्डवर इक्वलायझेशनची रेझिस्टर-कंडेन्सरची जोडी शोधा, त्या दोघांचा गुणाकार म्हणजेच मायक्रोसेकंद. समजा कंडेन्सर १० नॅनोफॅरड आणि रेझिस्टर ५.१ किलोओम आहे, म्हणजे ५१. रेझिस्टर ९.१ केला की ९१ झाले. तुमच्या कार्डवरचे आकडे वेगळे असतील, सर्किट बघूनच ठरवा. खालचे ३१८० मायक्रोसेकंद एनएबीत साडेसातला आणि पावणेचारला सारखेच असतात, त्याला हात नको. ४.७६ सेंमीच्या टेपांना युरोपियन पद्धतीत ९० ऐवजी १२० लागतात.

पायरी ६ : ॲझिमथ आणि वेगाची खात्री

वेग निम्मा झाला की टेपवरच्या लहरी पण निम्म्या लांबीच्या असतात, १० किलोहर्ट्झची लहर साडेसातला १९ मायक्रॉन आणि पावणेचारला साडेनऊ. म्हणून हेड जरा जरी कललं असेल तर टीप गायब. मोनो टेप लावा, दोन्ही चॅनल मिळून एक करा, आणि ॲझिमथचा, म्हणजे हेडचा कल बदलणारा, स्क्रू एकदम थोडा-थोडा फिरवत सर्वात लख्ख आवाज कुठे येतो ते शोधा. दोन ट्रॅकच्या उलट-सुलट टेपेत हे जमत नाही, तिथे एकच चॅनल ऐकून लावा. स्क्रूची मूळ जागा आधी मार्करने खूण करून ठेवा. हेड आणि गाइड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबराचा रोलर मात्र साबणाच्या पाण्याने.

वेग मोजायला एखादी निकामी टेप घ्या, तिच्या पाठीवर पांढऱ्या पेन्सिलने दोन खुणा करा, मध्ये ५.७१ मीटर अंतर. पावणेचारला ते बरोबर १ मिनिटात हेडवरून जायला हवं. अर्ध्या सेकंदाचा फरक म्हणजे जवळजवळ एक टक्का.

पण मशीन बरोबर असूनही टेपच चुकीच्या वेगाने भरलेली असू शकते. अमेरिकेहून आणलेलं ६० हर्ट्झचं मशीन पुली न बदलता इथे ५० वर चालवलं असेल तर ते सहाव्या हिश्श्याने हळू भरायचं, आणि ती टेप आज बरोबर वेगाला लावली की सूर तीन पट्ट्या वर येतो. घरात कुणाला गाणाऱ्याची पट्टी माहीत असते, काळी दोन म्हणा, पेटीवर तो स्वर धरा आणि टेपशी ताडून बघा. एका पट्टीचा फरक म्हणजे सुमारे ६ टक्के. पेट्याही सगळ्या एकसारख्या लागलेल्या नसतात त्यामुळे पाव-अर्ध्या पट्टीवरून भांडू नका.

टेपवर मूळ भरताना आलेली गुणगुण सुद्धा मदत करते. शांत जागेचा स्पेक्ट्रम काढा, ५० हर्ट्झजवळ टोक दिसेल. दुप्पट वेगाने घेतलेल्या फाइलमध्ये तुमच्या मशीनची स्वतःची गुणगुण २५ वर उतरते आणि टेपवरची ५० वरच राहते, दोन्ही वेगळी ओळखता येतात. फक्त जुन्या काळी आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी बरीच हलायची, ५० च्या खाली तर सर्रास, म्हणून ४९ दिसले की लगेच टेप ओढून ५० वर आणायची घाई नको, पेटीची साक्ष काढा.

घेतलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा, भरपाई आणि काटछाट तिच्या कॉपीवर. आणि टेप वाजून झाली की जोरात मागे गुंडाळू नका, वाजवायच्या वेगानेच जशी गुंडाळली गेलीय तशीच डब्यात घाला, वेढे सैल-घट्ट न होता सारखे बसतात, डब्यावर "शेवट बाहेर" लिहा आणि पुढच्या वेळी लावायच्या आधी मग उलटी गुंडाळा.